तीन शिफ्टच्या माश्या

भिलाईत दिवस शिफ्टने मोजतात. कोण कधी घरी भेटेल, दुपारी कुणाच्या दाराची कडी वाजवावी आणि कुणाच्या वाजवू नये, हे सगळे "आज यांची कोणती शिफ्ट?" या प्रश्नावर ठरते. पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला १९५५ साली. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले. नागपूरकडून नोकरीसाठी आलेल्या मराठी कुटुंबांनाही या गावाने शिफ्टची सवय लावली, ती निवृत्तीनंतरही सुटत नाही.

माश्यांचे असेच आहे. मधमाश्या आणि गांधीलमाश्यांचे अगदी जवळून फोटो काढायला कोणते भिंग घ्यावे, असे लोक विचारतात. मी उलट विचारतो, किती वाजता काढणार? महागडे भिंग घेऊन सकाळी अकरा वाजता फुललेल्या तुळशीपुढे उभ्या राहिलेल्या माणसाला शंभर फोटोंत नव्व्याण्णव धूसर मिळतात. साधे भिंग घेऊन तोच माणूस हिवाळ्यात पहाटे सहाला आला, तर माशी त्याच्यापुढे पुतळा होऊन बसलेली असते. भिंगावर खर्च करण्याआधी माश्यांची ड्यूटी कळायला हवी. त्यासाठी जंगलात जायला नको. सेक्टरांतल्या जुन्या क्वार्टरांमागे जी बाडी असते, वांगी, टोमॅटो, शेवगा, लिंबू आणि एका कोपऱ्यात तुळस, तेवढी पुरते.

आधी हजेरीपट पाहू. सगळ्यांच्या ओळखीच्या तीन मधमाश्या: झुडपाच्या फांदीला तळहाताएवढे एकच उघडे पोळे बांधणारी फुलोरी, झाडाच्या ढोलीत राहणारी सातेरी, आणि पाण्याच्या टाकीखाली नाहीतर उंच इमारतीच्या सज्जाखाली भले मोठे मोहोळ लावणारी आग्या. शेजारच्या छत्तीसगडी घरांत मधाला मंदरस म्हणतात, आणि तो बहुधा या आग्याचाच असतो. पण जगात मधमाश्यांच्या २०,०००हून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य जाती मधाचे पोळे बांधतच नाहीत. प्रत्येक मादी आपले घर आपण करते, कुणी जमिनीत, कुणी लाकडात, कुणी भिंतीच्या भोकात. बाडीतली निळ्या पट्ट्यांची अमेजिला, पाने कापणारी मेगाकाइल, मांडवाच्या बांबूला भोक पाडणारा काळा भुंगा झायलोकोपा, ही सगळी मंडळी अशीच एकेकटी. गांधीलमाश्यांकडे कागदी पोळी बांधणाऱ्या रोपालिडिया आणि पोलिस्टिस, मातीची घरे करणाऱ्या कुंभारणी, आणि मोरीजवळ झुरळ शोधत फिरणारी हिरवी अँप्युलेक्स.

मधमाश्या या मूळच्या शिकारी गांधीलमाश्यांच्याच वंशातल्या. दहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी त्यांच्या एका शाखेने शिकार सोडून पराग धरला. त्याची खूण अंगावर अजून दिसते. पुरेसे मोठे करून पाहिले तर मधमाशीच्या केसांना फाटे फुटलेले असतात आणि त्यांत पराग अडकतो. गांधीलमाशीचे केस साधे आणि सरळ. नुसत्या डोळ्यांना हा फरक दिसत नाही. आणखी एक सावधगिरी बाळगायची: मधमाशी म्हणून दाखवलेल्या फोटोंत बरेचदा फूलमाशी निघते. तिला चारऐवजी दोनच पंख असतात, मिशा आखूड आणि डोळे जवळजवळ सगळे डोके व्यापणारे. ती डंख करू शकत नाही, फक्त करणाऱ्यांचे कपडे घालते.

आता पहाट. डिसेंबर-जानेवारीत दुर्ग-भिलाईचा पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो. उडायचे तर मधमाशीच्या छातीतले स्नायू आधी तापायला लागतात. ते गार असताना तिला पंख हलवता येत नाहीत. ऊन अंगावर येईपर्यंत फोटो काढणाऱ्याचे राज्य. वाळक्या काडीला, गवताच्या पात्याला, तुळशीच्या मंजिरीला जबड्यांनी घट्ट चावून, पाय पोटाशी घेऊन ती लटकलेली असते. हे झोपणेच आहे. संध्याकाळी ऊन कलले की या माश्या जागा धरतात. अमेजिलाचे नर एकाच काडीवर ओळीने झोपतात आणि बऱ्याचदा पुढच्या रात्रीही त्याच काडीवर येतात. एकदा काडी सापडली की तिच्याभोवतीचे गवत उपटू नका, माळ्यालाही सांगून ठेवा.

रात्री असे उघड्यावर कोण झोपते, याचे उत्तर फार मजेदार आहे. ज्या मादीने घर बांधले ती घरात झोपते. बाहेर उरतात दोन वर्ग. एक, नर, ज्यांना घरात थारा नाही. दुसरा, परान्नपुष्ट माश्या, ज्यांनी घर कधी बांधलेच नाही. काळ्या अंगावर आकाशी ठिपक्यांची थायरियस अमेजिलाच्या घरात अंडे घालून निघून जाते. टोकदार पोटाची सीलिऑक्सिस मेगाकाइलच्या घरात तेच करते. एकाच काडीवर अमेजिलाचे नर आणि त्यांच्या बहिणींच्या घरात चोरून अंडी घालणारी थायरियस शेजारी शेजारी झोपलेली सापडू शकते. कोण कोण आहे हे फोटोतूनच ठरवता येते: मिशीची पेरे मोजायची. नराला १३, मादीला १२. मधमाश्या आणि डंख करणाऱ्या बहुतेक गांधीलमाश्या या हिशेबाला जागतात. अमेजिलात आणखी सोपी खूण आहे, नराच्या पोटावर पाच निळे पट्टे, मादीच्या चार. डंख फक्त मादीला असतो, तेव्हा १३ पेरे मोजून झाली की निर्धास्तपणे आणखी जवळ जावे.

ही पेरे फोटोत मोजता यायची तर थोडे गणित सोसावे लागते. सेन्सरवर पडलेली प्रतिमा आणि खरी वस्तू सारख्याच मापाची असली की त्याला १:१ म्हणतात, बारा मिलिमीटरची माशी सेन्सरवरही बारा मिलिमीटर. मोठ्या सेन्सरचे माप ३६ गुणिले २४ मिलिमीटर, सामान्य डीएसएलआरचे साधारण साडेतेवीस गुणिले साडेपंधरा. म्हणजे १:१वर अमेजिला लहान सेन्सरच्या रुंदीचा अर्धा भाग भरते. भिंगाचे तोंड (अपर्चर) एफ-११वर ठेवले तर स्पष्ट दिसणाऱ्या थराची जाडी जेमतेम १.३ मिलिमीटर येते. एफ-५.६वर ती ०.७ मिलिमीटरच्याही खाली. दुप्पट मोठे केले, २:१, तर एफ-११वरही अर्धाच मिलिमीटर. डोळा स्पष्ट तर मिशी धूसर, मिशी स्पष्ट तर पंख गेला. मग तोंड आणखी मिटून एफ-२२ करावे? तसे केले की सगळाच फोटो मऊ पडतो, कारण १:१वर भिंग पुढे सरकलेले असते आणि एफ-११ मुळातच एफ-२२सारखा वागत असतो. अरुंद फटीतून जाताना प्रकाश पसरतो, त्यावर इलाज नाही. प्रकाशही चौथाईवर येतो.

इलाज दोन. पहिला फुकटचा: माशीचे अंग सेन्सरला समांतर धरायचे. बाजूने, अगदी सरळ बाजूने फोटो घेतला तर डोळा, मिशी, छाती, पोट सगळे त्या सव्वा मिलिमीटरच्या थरात बसू शकते. तिरके धरले की गेले. दुसरा इलाज झोपलेल्या माशीलाच चालतो. फोकस केसभर पुढे सरकवत वीस-तीस फोटो घ्यायचे आणि हेलिकॉन फोकस किंवा झिरीन स्टॅकरसारख्या सॉफ्टवेअरने प्रत्येकातला स्पष्ट भाग निवडून एक फोटो जोडायचा. वारा असेल तर हा नाद सोडावा. काडीला कपड्यांचा चिमटा लावून चिमट्याला आधार देणे हा छोटा उपाय बरेच वाचवतो.

भिंगाचा प्रश्न आलाच तर थोडक्यात. १०० मिलिमीटरच्या आसपासचे मॅक्रो भिंग उत्तम, कारण १:१वरही माशी आणि भिंगाचे तोंड यांत बारा-पंधरा सेंटीमीटर अंतर राहते. पैसे नसतील तर जुने ५० मिलिमीटरचे भिंग उलटे बसवायची कडी मिळते, त्यात जवळपास १:१ मिळते. त्याच भिंगामागे ५० मिलिमीटरची पोकळ नळी लावली तरी तेच. मोबाइलवर चिकटवायची भिंगे शिकायला बरी, पण त्यांसाठी माशीच्या इतके जवळ जावे लागते की जागी माशी उडून जाते.

माशी अशी तुकड्यातुकड्याने बघण्याची रीत चारशे वर्षांची आहे. सूक्ष्मदर्शकातून पाहून काढलेले आणि छापलेले पहिले चित्र मधमाश्यांचेच. रोममध्ये १६२५ साली फ्रान्चेस्को स्टेल्लुती आणि फेदेरिको चेसी यांनी ते सिद्ध केले. ते पोप आठवा अर्बन याला अर्पण होते, कारण त्याच्या बार्बेरिनी घराण्याच्या चिन्हात तीन मधमाश्या होत्या. सूक्ष्मदर्शकाला 'मायक्रोस्कोप' हे नावही त्याच वर्षी, त्यांच्याच विद्वन्मंडळातल्या जोव्हान्नी फाबर याने दिले. त्या चित्रात तीन माश्या तीन बाजूंनी दाखवल्या आहेत: वरून, खालून आणि कडेने. खुशामतीसाठी काढलेले चित्र, पण रीत बरोबर. एका सुंदर फोटोवरून कीटकतज्ज्ञ सहसा नाव सांगू शकत नाही. पाठ, बाजू आणि चेहरा, एवढे तिन्ही दिले तर निदान कुळापर्यंत तरी पोहोचतो. चार्ल्स बिंगहॅम याने ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीवरच्या ग्रंथमालेत मधमाश्या आणि गांधीलमाश्यांचा खंड १८९७ साली लिहिला. त्यातल्या ओळख पटवण्याच्या किल्ल्याही पंखांवरच्या शिरांची घरे, पायांवरचे काटे, चेहऱ्याची ठेवण अशाच गोष्टींवर चालतात. या गोष्टी तुमच्या फोटोत आल्या की फोटो कामाचा.

सूर्य वर आला की पहिली शिफ्ट संपते आणि खरी धावपळ सुरू होते. दुर्ग जिल्ह्याच्या धमधा भागात टोमॅटो भरपूर होतो, आणि टोमॅटोचे फूल हा फोटो काढणाऱ्यासाठी फार चांगला अड्डा आहे. टोमॅटो आणि वांग्याच्या फुलातले परागकोश टोकाला बारीक भोक असलेल्या बंद नळ्या असतात. त्या नुसत्या खरवडून पराग मिळत नाही, हलवाव्या लागतात. पोळ्यातल्या मधमाश्यांना ही कला येत नाही. अमेजिला आणि झायलोकोपाला येते. फुलाला मिठी मारून पंख न हलवता त्या फक्त छातीचे स्नायू थरथरवतात, एक चिरका आवाज होतो आणि पराग पोटावर झडतो. ऑस्ट्रेलियातल्या एका अमेजिलाचे अतिवेगवान कॅमेऱ्याने चित्रण केले तेव्हा दिसले, ती सेकंदाला सुमारे ३५० वेळा डोके परागकोशावर आपटते. मिठी मारण्याचा तो एक क्षण ती जागा सोडत नाही. आवाज ऐकून शटर दाबायला शिकलात तर अमेजिला तुमची. नाहीतर ती एका फुलावर सेकंद-दोन सेकंदच थांबते आणि कॅमेरा तिच्या मागे धावून धावून थकतो.

मागे धावणे सोडाच. ती ज्या फुलांवर ओळीने फिरते त्यांतले पुढचे एक फूल निवडा, फोकस त्यावर बांधा आणि वाट पाहा. उडत्या माशीचे पंख थिजवायचे तर शटरचा वेग कामाचा नाही. मधमाशी सेकंदाला सुमारे २३० वेळा पंख हलवते, आणि एक दोन-हजारांश सेकंदातही पंख धूसरच येतो. इथे फ्लॅश लागतो. पूर्ण ताकदीचा नको, सोळाव्या हिश्शाचा. कमी ताकदीवर फ्लॅशचा लखलखाट एक दहा-हजारांश सेकंदाहूनही लहान होतो आणि पंखाची शीर न शीर उमटते. मात्र भर दुपारी मागचे सगळे काळे पडून रात्रीचा भास होऊ नये म्हणून एक हिरवे पान माशीच्या मागे, हातभर अंतराच्या आत, येईल अशी जागा निवडावी.

मेगाकाइल ओळखायला सोपी. गुलाबाच्या पानाला कुणीतरी गोल चकत्या कापल्यासारख्या दिसल्या की ती जवळपास आहे. मधमाशी पराग मागच्या पायांच्या टोपलीत भरते, मेगाकाइल पोटाखालच्या केसांवर. म्हणून फुलावर बसताना ती शेपूट वर करते, आणि त्याच क्षणी बाजूने फोटो घेतला तर पिवळे पोट दिसते. तुरीच्या फुलावर तिला जरूर शोधा. तुरीचे परागीभवन करणाऱ्यांत तिचा वाटा मोठा आहे.

एप्रिल-मेमध्ये शिफ्टच बदलते. पारा ४४ अंशांच्या पुढे गेला की फुले कमी, पाण्याची ओढ जास्त. तेव्हा खिडकीबाहेरच्या कूलरजवळ बसावे. वाळ्याच्या ताट्यांतून ठिबकणाऱ्या पाण्यावर फुलोरी, आग्या आणि कागदी पोळ्याच्या गांधीलमाश्या रांगेने येतात. हे पाणी त्या स्वतःसाठी नेत नाहीत. पोळ्यावर थेंब पसरून पंखांनी वारा घालतात आणि मधमाश्या तर बाळअळ्यांचा भाग ३४-३५ अंशांच्या आसपास राखतात. म्हणजे तुमचा कूलर दोन घरे गार करतो. माशी पाणी पिते तेव्हा कित्येक सेकंद स्थिर असते, जीभ बाहेर काढलेली. कॅमेरा पाण्याच्या पातळीवर, पोट जमिनीला लावून. फक्त कूलरचा पंखा बंद करावा लागतो, आणि मे महिन्यात दुपारी दोन वाजता ती परवानगी घरून मिळवणे हा या प्रकरणातला सर्वांत अवघड भाग आहे.

पाण्याजवळच ओल्या मातीवर कुंभारणी येतात. लांबलचक बारीक कंबर, काळे-पिवळे अंग, ती स्केलिफ्रॉन. मातीची गोळी घेऊन ती भिंतीच्या कोपऱ्यात, बंद स्विचबोर्डात किंवा कपाटामागे नेते आणि लिंपताना गुणगुणते. ही गुणगुण थरथरणाऱ्या छातीची, त्याने माती पसरते. ती दर फेरीला त्याच जागी परत येते, आणि फेऱ्यांमधले अंतर बहुधा काही मिनिटांचेच. फोटो काढणाऱ्याला यापेक्षा सोपा विषय नाही: कोपऱ्यात फोकस बांधा, स्टुलावर बसा, ती येईल. तिच्या खोल्यांत ती कोळी मारून नव्हे, लुळे करून ठेवते. युमेनिस आणि डेल्टा या तिच्या चुलत घराण्यातल्या माश्या अळ्या ठेवतात, आणि आपले अंडे छतापासून एका धाग्याने टांगतात, म्हणजे वळवळणाऱ्या अळ्यांत ते चिरडत नाही.

भृंगी-कीटक न्याय आपल्या संतसाहित्यात किती वेळा येतो! अळीला कोंडून माशी गुणगुणत राहते, त्या ध्यानाने अळीच भृंगी होते, हा दृष्टान्त. निरीक्षण खोटे नव्हते. अळी आत गेली, माशी बाहेर आली, हे कुणीतरी नीट पाहिले होते, मधली खोली मात्र बंद होती. फुटलेले एखादे मातीचे घर सापडले तर ते जरूर पाहा: वर धाग्याला लोंबते अंडे, खाली अळ्यांचा साठा. चालू घर फोडू नका. अशा घराच्या जवळपास चमकत्या निळ्या-हिरव्या रंगाची एक माशी रेंगाळत असेल, ती स्टिल्बम. तीही परान्नपुष्ट, कुंभारणीच्या भिंतीला भोक पाडून आत अंडे घालणारी.

या चमकत्या माश्यांचा आणि अँप्युलेक्सचा फोटो काढताना प्रकाशाची वेगळीच अडचण येते. त्यांचे अंग आरसा असते. फ्लॅश लावला की अंगावर एक पांढरा डाग आणि बाकी काळोख. प्रकाशाचा उगम जितका मोठा तितका डाग पसरून मऊ होतो. म्हणून फ्लॅशपुढे बटर पेपर किंवा पॅकिंगचा पांढरा फोम ताणून बसवतात, भिंगाच्या तोंडावर पुढे झुकलेला, माशीच्या शक्य तितका जवळ. खर्च जवळजवळ शून्य. अँप्युलेक्सचे काम पाहायला मिळाले तर कॅमेरा व्हिडिओवर ठेवा. झुरळाला ती दोनदा डंख करते, पहिला छातीत, ज्याने पुढचे पाय थोडा वेळ लुळे पडतात, दुसरा नेमका मेंदूत. मग झुरळ चालू शकते, पण आपणहून चालत नाही. ती त्याच्या मिशा अर्ध्यावर कापते, उरलेल्या तुकड्याला धरून त्याला बिळापर्यंत नेते आणि पायावर अंडे घालते. मोरीच्या कोपऱ्यात हे नाट्य चालते आणि आपण झाडू शोधत असतो.

कॅमेऱ्याला न दिसणाऱ्याही काही गोष्टी आहेत. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी रोपालिडिया मार्जिनाटा या गांधीलमाशीवर दशकानुदशके काम केले. प्रत्येक माशीच्या अंगावर रंगाचे ठिपके लावून कोण काय करते याची नोंद ठेवली. या जातीत राणी आणि कामकरी दिसायला सारख्याच. राणी उलट शांत, कुणाला दरडावत नाही. ती नाहीशी झाली की एक विशिष्ट माशी तिची जागा घेते. कोण, हे बाकीच्या माश्यांना आधीच ठाऊक असल्यासारखे वागणे असते, पण आधी पाहून माणसाला ते ओळखता येत नाही. अशा पोळ्याचा कितीही सुरेख १:१ फोटो काढला तरी त्यातून राणी सापडणार नाही. तिथे भिंग ठेवून वही घ्यावी लागते.

आग्याबद्दल स्पष्ट सांगतो: त्याच्या मोहोळाचा मॅक्रो काढायचा नाही. फुलावर आलेल्या एकट्यादुकट्या आग्या माशीचा खुशाल काढावा, मोहोळाचा लांबून, ३०० मिलिमीटरच्या भिंगाने. श्वासाचा झोत, गडद कपडे, अत्तर, टाकीच्या शिडीचा कंप, यांतले काहीही पुरते. एकीने डंख केला की तिथे पिकल्या केळ्यासारख्या वासाचे रसायन सुटते आणि बाकीच्यांना तीच जागा दिसते. लांबून पाहण्यासारखे मात्र खूप असते. मोठी गांधीलमाशी जवळ आली की मोहोळावरच्या माश्या पोट वर उचलत जातात आणि पृष्ठभागावरून लाट धावते. गेराल्ड कास्टबर्गर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली दाखवले की या लाटा शिकारी माशीला खरोखर परत फिरवतात. पूर्वी कधी डंखाने चेहरा सुजणे, दम लागणे असे झाले असेल, तर हा छंद डॉक्टरांशी बोलल्याशिवाय करू नये.

आणखी एक गोष्ट मला पटत नाही. माशी फ्रीजमध्ये घालून गार करायची आणि मग सुस्त पडलेल्या अवस्थेत फोटो घ्यायचा, असा प्रकार सर्रास चालतो. असा फोटो पाहणाऱ्याला कळतो: पाय विचित्र दुमडलेले, मिशा खाली, फुलावर ठेवलेली पण फुलाला न धरलेली. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत सॅम ड्रोगे यांच्या गटाने काढलेले मधमाश्यांचे अप्रतिम फोटो मेलेल्या, धुऊन वाळवलेल्या नमुन्यांचे आहेत, आणि ते तसे सांगतातही. ओळख पटवण्यासाठी ते आहेत, कुणालाही विनामूल्य वापरता येतात. जिवंतपणाचे सोंग आणणे ही वेगळी गोष्ट. पहाटे सहाला उठलात तर फ्रीजची गरजच पडत नाही.

उंबराखाली पडलेले कच्चे फळ कापून पाहा, हा जाता जाता एक धडा. उंबराचे फूल दिसत नाही असे आपण म्हणतो, ते फळाच्या आत असते, आणि दोन मिलिमीटरची एक गांधीलमाशी तोंडाच्या चिंचोळ्या वाटेने आत शिरून त्याचे परागीभवन करते. शिरताना तिचे पंख बहुधा तुटतात. तिच्यासाठी १:१ पुरत नाही, चारपट-पाचपट लागते, आणि ते घराच्या टेबलावरच जमते.

राहिली रात्रपाळी. पुणे जिल्ह्यातल्या भीमाशंकरच्या जंगलात हेमा सोमनाथन यांनी रेनी बोर्जेस आणि स्वीडनच्या एरिक वॉरंट, आल्मुट केल्बर यांच्यासह तीन प्रकारच्या झायलोकोपांचा अभ्यास केला. तिघींच्या वेळा सारख्या नव्हत्या. ल्युकोथोरॅक्स दिवसाची. टेन्युइस्कापाही मुख्यतः दिवसाचीच, अधूनमधून पहाट आणि तिन्हीसांजेची. आणि ट्रँक्विबारिका खऱ्या अर्थाने रात्रीची, चंद्र नसतानाही उडणारी. २००८ साली त्यांनी दाखवले की ही माशी ताऱ्यांच्या उजेडात रंगसुद्धा ओळखते, तेही दिवसाच्या उजेडासाठी घडलेल्या जातीच्या डोळ्यांनी, जिथे माणसाला सगळे राखाडी दिसते. तिचे डोळे मोठे आहेत आणि डोक्यावरचे तीन साधे डोळेही ठसठशीत. हे तिन्ही डोळे समोरून, थोडे वरून घेतलेल्या फोटोत छान येतात.

तिला किंवा तिच्या कुठल्याही भगिनीला गाठायचे तर वाळक्या लाकडाखाली किंवा मांडवाच्या बांबूखाली ताजा भुसा शोधायचा. वर बोटभर रुंदीचे गुळगुळीत गोल भोक असते. मधमाश्यांच्या डोळ्यांना जंबुपार, निळा आणि हिरवा प्रकाश दिसतो, लाल जवळजवळ नाही. म्हणून फोकस करायला मंद लाल बॅटरी वापरावी, फ्लॅश एकदोनदाच उडवावा, आणि फोकस भोकाच्या कडेवर आधीच बांधून ठेवावा, कारण बाहेर पडताना ती थांबत नाही.